आकडे तेच, अर्थ निराळा

मालिकेच्या आरंभी उलगडणारे शीर्षक, निवडणुकीच्या निकालाच्या रात्री क्षणाक्षणाला बदलणारे तक्ते, माहितीपटातील नकाशावरून सरकत जाणारी तांबडी रेषा, किंवा निळ्याहिरव्या पडद्यापुढे उभ्या असलेल्या नटाच्या पाठीमागे अवतरणारा सह्याद्रीचा कडा, ही सारी दृश्ये ज्या संगणक-प्रणालींमधून घडवली जातात, त्यांची नावे सर्वसामान्य प्रेक्षकाला ठाऊक असण्याचे कारण नाही. तथापि पुण्यामुंबईच्या लहानमोठ्या स्टुडिओंतून आज शेकडो मराठी मुले-मुली याच विद्येवर आपला चरितार्थ चालवीत आहेत, आणि त्यांच्या दिवसाचा केवढा तरी भाग प्रत्यक्ष निर्मितीत न जाता बिघाडाचे मूळ हुडकण्यात जातो, ही गोष्ट त्यांच्या कामाकडे जवळून पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. कडेला काळी झालर दिसते, आवाज ओठांच्या पुढे धावतो, आकाशात पट्टे उमटतात, जोडाक्षरे मोडून पडतात, रात्री लावलेले रेंडर, म्हणजे अंतिम चित्रे काढण्याचे काम, पहाटे अर्ध्यावर थांबलेले आढळते. हे दोष परस्परांशी काडीचाही संबंध नसलेले वाटतात. परंतु त्यांची कैफियत शांतपणे ऐकून घेतली म्हणजे त्यांतील बहुतेकांचा उगम एकाच ठिकाणी आहे असे माझे मत झाले आहे. संगणकापाशी चित्र म्हणून जे असते ते केवळ आकड्यांचे दफ्तर असते. त्या आकड्यांचा अर्थ कोणता हे दफ्तरात नोंदलेले असतेच असे नाही. आणि जिथे नोंद नसते तिथे प्रणाली स्वतःच्या समजुतीने काहीतरी गृहीत धरून पुढे चालते.

या व्यवसायात सर्वांत रूढ झालेली प्रणाली म्हणजे आफ्टर इफेक्ट्स. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्याच्या प्रॉव्हिडन्स शहरात 'कंपनी ऑफ सायन्स अँड आर्ट' या छोट्या मंडळीने ती जानेवारी १९९३ मध्ये बाजारात आणली. त्याच वर्षी ती आल्डस या कंपनीकडे गेली आणि १९९४ मध्ये आल्डससह अडोबीच्या मालकीची झाली. तिच्या रचनाकारांना २०१९ साली ऑस्कर देणाऱ्या अकादमीने शास्त्रीय आणि तांत्रिक गौरवही दिला. चित्रपटांच्या मोठ्या कामासाठी वापरली जाणारी न्यूक ही प्रणाली डिजिटल डोमेन या हॉलिवुडमधील संस्थेच्या अंतर्गत गरजेतून जन्मली, तर २००२ पासून सर्वांना मुक्त झालेली ब्लेंडर आज निर्धन विद्यार्थ्यालाही उपलब्ध आहे. या सर्वांचे बाह्य रूप भिन्न असले तरी पोटातले गणित एकच आहे, आणि म्हणून त्यांचे विकारही एकाच जातीचे आहेत.

या गणिताचा पाया पारदर्शकतेच्या कल्पनेवर उभा आहे. प्रत्येक बिंदूचे तांबडे, हिरवे आणि निळे असे तीन आकडे असतात हे आता सर्वश्रुत आहे; त्यांच्या जोडीला चौथा आकडा ठेवून तो बिंदू किती झाकणारा आणि किती आरपार दिसू देणारा हे सांगावे, ही युक्ती एड कॅटमल आणि आल्व्ही रे स्मिथ यांनी न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९७७ च्या सुमारास काढली आणि तिला अल्फा हे नाव मिळाले. पुढे १९८४ मध्ये लुकासफिल्मच्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी एका निबंधात एका चित्रावर दुसरे चित्र ठेवण्याचे संपूर्ण बीजगणित मांडले. त्यात त्यांनी एक सोय सुचवली होती. रंगाचे आकडे पारदर्शकतेने आधीच गुणून ठेवावेत, म्हणजे थर रचताना दरवेळी गुणाकार करावा लागत नाही. सोय उत्तम होती. परंतु तिच्यामुळे जगात दोन प्रकारच्या फाइली निर्माण झाल्या. एकीत रंग मूळचा ठेवलेला, तिला स्ट्रेट म्हणतात. दुसरीत रंग गुणून ठेवलेला, तिला प्रीमल्टिप्लाइड. दोघींतील आकडे वरकरणी सारखेच दिसतात, आणि सगळा घोटाळा इथून सुरू होतो.

कोथरूडमधील एका स्टुडिओत हा घोटाळा उलगडताना मी पाहिला. एका जाहिरातीसाठी दुसरीकडून आलेले तांबड्या रंगाचे बोधचिन्ह पिवळ्या पार्श्वभूमीवर ठेवले होते आणि त्याच्या मऊ कडेभोवती काजळी धरल्यासारखी रेघ दिसत होती. काम करणारा मुलगा वैतागला होता. "ताई, त्यांनी ग्राफिकच खराब पाठवलंय. परत मागवून घेऊ का?" असे त्याने विचारले. पंचविशीपासून याच कामात असलेल्या तिथल्या एक बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "थांब रे, परत कशाला मागवतोस? आधी खालचा पिवळा काढ आणि पांढरा टाकून बघ." पांढऱ्यावरही रेघ काळीच राहिली. मग हिरवा टाकला, तरीही काळीच. "बघ, खालचा रंग बदलला तरी रेघेचा रंग बदलत नाही. म्हणजे हा काळा त्या फाइलीबरोबरच आलाय," एवढेच त्या म्हणाल्या, आणि फाइलीच्या इंटरप्रिट फूटेज या खिडकीत जाऊन अल्फा स्ट्रेट असल्याचे जे मानले गेले होते ते बदलून काळ्यावर प्रीमल्टिप्लाय केलेला आहे असे त्यांनी नोंदवले. रेघ त्याच क्षणी नाहीशी झाली.

यात घडले काय याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. चिन्हाच्या कडेवरचा एक अर्धपारदर्शक बिंदू घेऊ. त्याचा मूळ तांबडा २५५. अर्ध्याने गुणून फाइलीत नोंदवलेला १२८. खालच्या पिवळ्यातही तांबडा २५५ असतो, त्याचा अर्धा भाग म्हणजे १२७ वर येणार. दोन्ही मिळून २५५, म्हणजे बिंदू पूर्ण उजळ. परंतु १२८ हाच मूळ रंग आहे अशी प्रणालीची समजूत झाली की ती त्याला पुन्हा अर्ध्याने गुणते. ६४ आणि १२७ मिळून १९१ उरतात, आणि जिथे उजेड हवा तिथे काजळी दिसते. समजूत उलट्या दिशेने चुकली तर कडेला पांढुरकी झळाळी येते. आता ही फाइल परत मागवली असती तर पाठवणाऱ्याने तीच पुन्हा पाठवली असती, कारण तिच्यात वस्तुतः काहीही बिघडलेले नव्हते. पीएनजी या प्रकारात रंग न गुणलेलाच असावा असा त्याच्या मसुद्यातच नियम आहे. ओपन-ईएक्सआर हा २००३ मध्ये इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने खुला केलेला प्रकार प्रघाताने गुणलेला असतो. टिफमध्ये दोन्ही चालतात. आणि एच-२६४ या नित्याच्या चित्रफितीत अल्फा राहतच नाही, म्हणून पारदर्शक शीर्षक त्या प्रकारात काढले की काळी पाटी हाती येते. एवढे चार दाखले ध्यानात ठेवले तरी पुष्कळ वेळ आणि पुष्कळ मनस्ताप वाचतो.

जे रंगाचे तेच काळाचे. आपल्याकडे चित्रवाणीने सेकंदाला २५ चौकटींची पद्धत स्वीकारली; अमेरिकेत ती ३० होती. परंतु १९५३ मध्ये तिथे रंगीत प्रक्षेपणाचे मानक ठरताना रंगाची लहर आणि आवाजाची लहर यांची परस्परांत लुडबूड होऊ नये म्हणून वेग हजारात एक या प्रमाणात किंचित उतरवण्यात आला, आणि २९.९७ हा विलक्षण आकडा कायमचा मानगुटीवर बसला. चौकटींना ३० च्या हिशेबाने क्रमांक देत गेले तर तासाभरात १०८ चौकटींची, म्हणजे ३.६ सेकंदांची तफावत पडते. ती भरून काढण्यासाठी दर मिनिटाला दोन क्रमांक गाळायचे आणि दर दहाव्या मिनिटाला मात्र गाळायचे नाहीत अशी तजवीज करण्यात आली. गाळले जातात ते केवळ क्रमांक. चौकट एकही जात नाही. न्यू जर्सीत चित्रित झालेला गणेशोत्सव पुण्यात संकलनाला येतो तेव्हा हा सत्तर वर्षांपूर्वीचा तह त्याच्यासोबत येतो.

भ्रमणध्वनीने याहून मोठा पेच निर्माण केला आहे. उजेड कमी झाला की तो आपला वेग आपणच उतरवतो आणि उजेड वाढला की चढवतो. मंडपातून अंगणात, अंगणातून माजघरात असे चित्रण झाले की एकाच फाइलीत वेग अनेकदा बदललेला असतो. प्रणाली सरासरी धरून चालते. त्यामुळे मंगलाष्टकांचा पहिला चरण ओठांशी बरोबर जुळतो आणि 'शुभमंगल सावधान' होईपर्यंत भटजींचा आवाज त्यांच्या मुखापासून स्पष्टपणे सुटलेला असतो. आवाजाचा थर मागेपुढे ढकलून हा दोष कधीही निघत नाही, कारण तफावत स्थिर नसून पदोपदी बदलणारी आहे. हँडब्रेक किंवा एफएफएमपेगसारख्या साधनाने फाइल आधी एकसमान वेगाची करून घ्यावी आणि मगच तिला कामात घ्यावे. तसेच, कॅमेऱ्यातून येणाऱ्या बहुतेक फाइली जागा वाचवण्यासाठी पूर्ण चौकटी थोड्या आणि मधल्या चौकटींचे केवळ फरक अशा स्वरूपात लिहिलेल्या असतात. एक चौकट दाखवण्यासाठी प्रणालीला आजूबाजूच्या अनेक उलगडाव्या लागतात आणि टाइमलाइन अडखळते. प्रोरेझ किंवा डीएनएक्सएचआर या प्रकारांत रूपांतर केले की फाइल आकाराने कितीतरी वाढते, पण यंत्र मोकळा श्वास घेते.

आकाशातील पट्ट्यांविषयी थोडक्यात सांगता येईल. आठ बिटांत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. रात्रीच्या आकाशाची छटा २० पासून ५० पर्यंत १९२० बिंदूंच्या रुंदीवर पसरवली तर त्यात तीसच पायऱ्या मावतात आणि प्रत्येक पायरी ६४ बिंदू रुंद होते. तेवढी रुंद पायरी डोळ्याला दिसणारच. काम सोळा बिटांत करावे हे खरे, परंतु अंतिम फाइल बहुधा आठ बिटांचीच द्यावी लागते, म्हणून त्या आकाशात अगदी बारीक रवा मिसळून पायऱ्यांच्या कडा मोडाव्या लागतात. काळा रंग राखाडी दिसू लागला तर मात्र ते प्रकरण निराळे: चित्रवाणीच्या परंपरेत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात, संगणकाच्या परंपरेत ० आणि २५५ वर, आणि दोन परंपरांची रुजवात न घातल्याचे ते चिन्ह होय.

स्मृतीच्या तुटवड्याची तक्रार सर्वत्र ऐकू येते. "सर, रॅम वाढवून द्या," हे वाक्य प्रत्येक स्टुडिओच्या मालकाला पाठ झालेले आहे, आणि त्यात तथ्य नाही असे नव्हे. पण मागणीपूर्वी ताळेबंद मांडलेला असावा. १९२० गुणिले १०८० बिंदू, प्रत्येकी चार आकडे, आठ बिटांत एका चौकटीला सुमारे ८३ लाख बाइट. बत्तीस बिटांत त्याच्या चौपट, म्हणजे ३ कोटी ३२ लाख. दहा सेकंदांच्या अडीचशे चौकटी बत्तीस बिटांत साठवायच्या तर ८ अब्ज २९ कोटी बाइट लागतात, आणि हा केवळ अखेरच्या चित्राचा हिशेब झाला. प्रीव्ह्यू निम्म्या मापाने पाहिला तर लांबी आणि रुंदी दोन्ही निम्म्या होऊन गरज एकचतुर्थांशावर येते. हालचालीची लय तपासण्यासाठी निम्मे माप पुरेसे आहे. कडांची पारख करतानाच पूर्ण माप घ्यावे.

आणखी एक दोष असा आहे की ज्यात नवशिक्या हटकून प्रणालीलाच दोषी ठरवतो. अक्षरांना छाया दिली, छाया खाली उजवीकडे पडली. मग अक्षरांचा थर फिरवला तर छायाही सूर्यासकट फिरली. कारण एकेका थरावर प्रथम मास्क, मग इफेक्ट, आणि त्यानंतर स्थान, माप व फिरणे असा क्रम प्रणालीने बांधून घेतला आहे. छाया हा इफेक्ट असल्यामुळे ती आधी पडते आणि मग अक्षरांसह फिरवली जाते. फिरणाऱ्या थराचे प्रीकॉम्प करून, म्हणजे त्याला एका बाहेरच्या थरात गुंडाळून, छाया त्या बाहेरच्या थरावर टाकली की क्रम आपल्याला हवा तसा होतो. मला असे वाटते की हा क्रम ज्याने एकदा मनाशी पक्का केला त्याचे निम्मे प्रश्न विचारण्यापूर्वीच सुटतात, आणि तरीही शिकवणीच्या वर्गांतून चमत्कृतिपूर्ण इफेक्टांची जेवढी ओळख करून दिली जाते तेवढी या क्रमाची दिली जात नाही, याची खंत वाटते.

दोष कोठे आहे हेच उमगत नसेल तेव्हा अनुभवी माणसे एकच मार्ग चोखाळतात. चौसष्ट थरांचे कॉम्प, म्हणजे थरांची एकत्र रचना, असेल तर फाइलीची प्रत करून निम्मे थर बंद करावयाचे. दोष टिकला तर तो उरलेल्या निम्म्यात, गेला तर बंद केलेल्यांत. मग त्या निम्म्याचे निम्मे. सहा पावलांत अपराधी थर हाती लागतो. या तपासाची शिस्त मात्र कडक आहे: एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर पाहणे. घाईत कॅशही रिकामी केली, प्लगइनही काढले आणि ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हरही बदलले, तर दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही, आणि पुढच्या आठवड्यात तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून आरंभ. प्रणाली सारखी बंद पडत असेल तर ग्राफिक्स कार्डाची मदत तात्पुरती थांबवून पाहावी, आणि सारा प्रकल्प नव्या कोऱ्या प्रकल्पात आयात करून पाहावा. दुसरा उपाय वाटतो त्याहून अधिक वेळा लागू पडतो. जुन्या प्रकल्पातील एक्सप्रेशने, म्हणजे थरांना जोडलेली छोटी सूत्रे, आफ्टर इफेक्ट्सच्या नव्या आवृत्तीत पिवळी पट्टी दाखवू लागली तर ऑक्टोबर २०१८ च्या आवृत्तीपासून आलेले नवे जावास्क्रिप्ट इंजिन जुन्याहून अधिक काटेकोर आहे हे ध्यानात घ्यावे; प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये जुने इंजिन निवडण्याची मुभा ठेवलेली आहे. आणि रेंडर मोठे असेल तर ते एकसंध चित्रफीत म्हणून कधीही लावू नये. चौकटींची स्वतंत्र चित्रे काढावीत. १८४० व्या चौकटीवर वीज गेली तर आधीच्या १८३९ शाबूत राहतात, तर अपुरी राहिलेली चित्रफीत बहुधा उघडतही नाही.

आता ज्या प्रश्नासाठी हा लेख लिहावासा वाटला त्याकडे वळतो. आपली लिपी या प्रणालींच्या जन्मकाळी त्यांच्या कर्त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हती. रोमन अक्षरे एकापुढे एक मांडली की शब्द होतो. देवनागरीत 'कि' लिहिताना संगणकात आधी क आणि नंतर ऱ्हस्व इकार साठवला जातो, पण काढताना तो इकार क च्या आधी यावा लागतो, आणि 'स्त्री' या एका आकृतीमागे सहा संकेत उभे असतात. हे जोडकाम करणारे यंत्र नसेल तर इकार भलत्या अक्षराला चिकटतो आणि जोडाक्षरे हलन्तांसह सुटी पडतात. आफ्टर इफेक्ट्सच्या ज्या आवृत्त्यांत टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठी निराळे इंजिन निवडावे लागते, तिथे ती निवड करून नवा प्रकल्प उघडावा लागतो. चालू प्रकल्पात इंजिन बदलून काहीच होत नाही असे पाहून अनेक जण तो उपाय निरुपयोगी समजतात आणि सोडून देतात.

एवढ्याने भागत नाही. अक्षर-अक्षर उडत येण्याची हालचाल लावली की यंत्र अक्षराऐवजी संकेत मोजू लागते आणि मात्रा आपल्या व्यंजनाआधीच पडद्यावर पोहोचतात. अशा वेळी हालचाल शब्दागणिक लावावी, किंवा शीर्षकाचे आकारांत रूपांतर करून प्रत्येक अक्षराचे तुकडे हाताने एकत्र बांधावेत. काम कष्टाचे आहे, परंतु मराठी शीर्षकाला ते कष्ट मिळालेच पाहिजेत. दऱ्याखोऱ्यांवरच्या माहितीपटात 'दऱ्या' ऐवजी 'दर्या' उमटला तर डोंगराच्या जागी समुद्र येतो. हा अर्धचंद्राकृती र फाँटाने ओळखला आहे की नाही हे प्रत्येक नव्या फाँटात लिहून पाहावे. ल आणि श यांची मराठी वळणे आणि हिंदी वळणे यांचा युनिकोडमधील क्रमांक एकच आहे. भाषा मराठी आहे हे प्रणालीला सांगता आले नाही तर बरेच फाँट हिंदी वळण पुढे करतात, म्हणून मूळचीच मराठी वळणे असलेला फाँट निवडणे हा सरळ उपाय. आणि जुन्या मालिकांचे प्रकल्प उघडताना सारे शीर्षक रोमन चिन्हांचा अर्थहीन खच म्हणून दिसू लागले तर फाइल नासली असे समजू नये. पुण्याच्या मॉड्युलर कंपनीच्या श्री-लिपीसारख्या युनिकोडपूर्व व्यवस्थेत रोमन संकेतांच्याच जागी देवनागरी आकार बसवलेले असत. तो मूळ फाँट स्थापित केला की मजकूर जसाच्या तसा परत येतो, आणि परिवर्तकाने तो युनिकोडमध्ये आणून ठेवला की पुढची अडचण टळते.

दादरच्या एका स्टुडिओने या साऱ्यावर बंदोबस्त म्हणून एका पानाचा तक्ता चालू केला आहे, तो अनुकरणीय वाटला. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक फाइलीसोबत तिचा वेग, तो एकसमान आहे की नाही, अल्फाचा प्रकार, बिटांची खोली, काळापांढरा कोणत्या आकड्यांवर धरला आहे, आणि वापरलेल्या फाँटांची नावे व आवृत्त्या यांचा तपशील जातो, आणि येणाऱ्या फाइलीसोबत तोच तपशील मागितला जातो. शेवटचा रकाना मुद्रितशोधकाच्या सहीचा आहे. पूर्वी त्याला टंकलिखित मजकूर दाखवीत आणि तो निर्दोष असे. जोडाक्षर मोडत असे ते त्यानंतर, रेंडरमध्ये. आता मजकुराबरोबरच रेंडर झालेली प्रत्येक शीर्षक-चौकट पूर्ण मापाने त्याच्या पुढे ठेवली जाते, आणि त्याची सही त्या चौकटींवर घेतली जाते.